नोकरीसाठी नवी मुंबईतील घणसोलीत एकटाच राहायला आलो आहे. एकटे राहणारा माणूस पुढे एकाकी होतोच का?

नाही, तसे मुळीच नाही, कारण एकटे राहणे ही राहण्याची सोय आहे आणि एकाकीपणा म्हणजे आपल्याला हवी असलेली नाती व प्रत्यक्षात लाभलेली नाती यांतील तफावत मनाला सलत राहणे होय, जी भरल्या घरातही जाणवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात दर 6 व्यक्तींमागे एक व्यक्ती एकाकीपणा अनुभवते आणि त्यात किशोरवयीन व तरुणांचे प्रमाण विशेष आहे. तेव्हा हा केवळ म्हाताऱ्यांचा प्रश्न आहे, हा आपल्याकडचा समज सोडून द्यायला हवा. तुमच्यासारख्या नव्या रहिवाशाला खरी अडचण येते ती ओळख वाढण्याची, कारण सकाळी लोकल गाठायची आणि रात्री परतून दार लावून घ्यायचे, अशा दिनक्रमात शेजाऱ्याचे नावही महिनोन्महिने कळत नाही. माझ्या मते एखाद्या मोठ्या समारंभापेक्षा, ठरावीक वारी ठरावीक ठिकाणी तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटणे अधिक उपयोगी ठरते: सोसायटीतील सकाळचा फेरफटका, गणेशोत्सवाच्या तयारीतील एखादे काम, किंवा ट्रान्स हार्बर मार्गावरील लोकलने ठाण्याला जाऊन 1893 पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासदत्व. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक उडाली असेल आणि कशातच मन रमत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी ओळखी वाढण्याची वाट न पाहता टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर बोलावे, तेथे मराठीतही बोलता येते.