अमेरिकेत शेतातल्या खासगी धावपट्टीवरून उडताना एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रणाशी) संपर्क कधी आणि कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनच्या पश्चिमेला ओळखीच्यांच्या रँचवरच्या गवती धावपट्टीवरून सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन ऑस्टिनला जायचं आहे. जमिनीवरून ह्यूस्टन अप्रोचला (त्या भागातली विमानं रडारवर सांभाळणाऱ्या एटीसी कक्षाला) रेडिओवर हाका मारल्या, उत्तर आलं नाही. मग परवानगीशिवाय उडायचं का?

हवा स्वच्छ असेल आणि व्हीएफआर (बाहेर बघत, नजरेच्या भरवशावर) जाणार असाल तर, धावपट्टी बी, सी किंवा डी वर्गाच्या हवेत (टॉवर असलेल्या विमानतळांभोवतीच्या नियंत्रित हवेत) नसली की परवानगी मागायचीच नसते. भारतात शिकलेल्या वैमानिकांना हे पचत नाही, कारण तिकडे एडीसी आणि एफआयसी हे उड्डाणाच्या मंजुरीचे नंबर हातात आल्याशिवाय चाक हलत नाही. इकडे बहुतेक शेतातल्या पट्ट्या जी वर्गाच्या, म्हणजे अनियंत्रित हवेत असतात. साधारण ७०० किंवा १,२०० फुटांवर ई वर्ग (नियंत्रित हवा) सुरू होतो, आणि तिथेही व्हीएफआरला रेडिओची सक्ती नाही.

उत्तर न येण्याचं कारण साधं आहे. व्हीएचएफ, म्हणजे विमानाच्या रेडिओच्या लहरी, सरळ रेषेत जातात. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३ केलं की तुमच्या बाजूचा पल्ला नॉटिकल मैलांत मिळतो. जमिनीवर अँटेना सहा-सात फुटांवर, म्हणजे जेमतेम ३ मैल. समोरच्या अँटेनाच्या उंचीचे मैल त्यात मिळवायचे. १,००० फुटांवर गेलात की तुमचेच ३९ होतात. म्हणून जमिनीवर रेडिओशी झटत बसू नका.

जमिनीवर बोलायचं ते आसपासच्या विमानांशी. पट्टीला वेगळी फ्रीक्वेन्सी दिलेली नसेल तर बहुधा १२२.९, मालकाला विचारून पक्कं करा. पट्टीचं नाव वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी घ्या, कारण १२२.९ वर दूरदूरच्या पट्ट्यांची बडबड एकत्र ऐकू येते.

वर गेल्यावर फ्लाइट फॉलोइंग (रडारवर लक्ष ठेवून आसपासची विमानं सांगण्याची एटीसीची सेवा) मागा. फ्रीक्वेन्सी सेक्शनल चार्टवर (वैमानिकांच्या नकाशावर) किंवा चार्ट सप्लिमेंट या विमानतळांच्या माहितीपुस्तिकेत जवळच्या सार्वजनिक विमानतळाच्या नोंदीत मिळेल. पहिली हाक छोटी: ‘ह्यूस्टन अप्रोच, सेसना अमुक, व्हीएफआर रिक्वेस्ट.’ त्यांनी बोला म्हटल्यावर विमानाचा प्रकार, जागा, उंची, कुठे जाणार आणि कोणत्या उंचीवर. लोक चुकतात ते जागा सांगताना. रँचचं नाव कंट्रोलरला माहीत असेलच असं नाही. ‘वेस्ट ह्यूस्टन विमानतळाच्या पश्चिमेला १२ मैल, १,८०० फूट, ऑस्टिनला, ४,५०० वर’ असं सांगा. चार आकडी कोड मिळेपर्यंत ट्रान्सपाँडर (रडारला कोड पाठवणारं यंत्र) १२०० वर. कामाचा ताण असेल तर कंट्रोलर नकार देऊ शकतो, आणि होकार दिला तरी बाहेर बघत राहण्याची जबाबदारी तुमचीच.

आता जिथे गफलत महागात पडते ते. सी आणि डी वर्गात शिरण्याआधी दोन्हीकडून संवाद जुळलेला हवा. कंट्रोलरने तुमचं कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) उच्चारून ‘स्टँडबाय’ म्हटलं तरी तो जुळला; नुसतं ‘एअरक्राफ्ट कॉलिंग, स्टँडबाय’ म्हटलं तर नाही, बाहेरच थांबा. तुमची पट्टीच त्या हवेच्या पोटात असेल तर उड्डाणानंतर शक्य तितक्या लवकर संपर्क करायचा असा नियम आहे. तरी मी म्हणेन, आधी टॉवरला फोन करून ठेवा. बी वर्गाला कॉलसाइन पुरत नाही, ‘क्लिअर्ड’ हा शब्द कानावर पडायलाच हवा. ह्यूस्टनच्या मुख्य विमानतळाभोवती ३० मैलांत ट्रान्सपाँडर आणि एडीएस-बी आउटही (आपली जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र) लागतं.

ढग खाली असतील आणि आयएफआर (उपकरणांच्या भरवशावर, एटीसीच्या परवानगीने) जायचं असेल तर रेडिओ बाजूला ठेवा, फोन उचला. प्लॅन किमान अर्धा तास आधी भरा. क्लिअरन्ससाठीचा, म्हणजे त्या परवानगीसाठीचा, फोन नंबरही चार्ट सप्लिमेंटमध्ये शोधा. रनअप (उड्डाणाआधीची इंजिन तपासणी) आटोपल्यावर फोन करा, कारण क्लिअरन्सबरोबर व्हॉइड टाइम येतो: अमुक वेळेपर्यंत उडाला नाहीत तर क्लिअरन्स रद्द. ती वेळ झुलूत (यूटीसी, म्हणजे ग्रीनिच वेळेत) असते. टेक्सासच्या उन्हाळी घड्याळात ५ तास मिळवायचे, हिवाळी घड्याळात ६. तोवर तुमच्यासाठी हवा राखून ठेवलेली असते आणि शेजारची आयएफआर विमानं खोळंबतात. नाही उडालात तर लगेच कळवा, जास्तीत जास्त व्हॉइड टाइमनंतर ३० मिनिटांत, नाहीतर तुमचा शोध सुरू होतो. अशा पट्टीला छापील डिपार्चर प्रोसीजर (अडथळे टाळून वर चढण्याची ठरलेली पद्धत) बहुधा नसते, म्हणजे झाडं, तारा, टॉवर चुकवणं तुमच्याकडे.

‘व्हीएफआर उडतो, वर क्लिअरन्स घेतो’ हे ढगांचा तळ उंच असेल तेव्हाच. खाली १,००० फुटांवर ढग आणि कंट्रोलर म्हणतोय थांबा, अशा वेळी तुम्ही ढगांखाली टॉवरांमध्ये अडकता.

परतताना आयएफआर हवेतच रद्द करा, अर्थात पुढचा रस्ता व्हीएफआरजोगा दिसत असेल तर. उतरल्यावर ते कळवायला तोच ३ मैलांचा रेडिओ उरतो. म्हणून रँचवर मोबाइलला रेंज कुठे येते हे पहिल्याच दिवशी चालत फिरून बघून ठेवा.