जुन्या गॅस कारखान्याची जमीन आणि भूजल खरंच साफ होतं का?
बऱ्याच अंशी होतं, पण एकदा साफ केलं आणि सुटलो, असं नसतं.

पूर्वी कोळसा बंद भट्टीत तापवून दिव्यांसाठी गॅस काढत. मागे उरायचं डांबर. अशा जागी खोदलं की आधी वास येतो, तो कपाटातल्या डांबरगोळ्यांचा. तेच ते नॅप्थलीन. कुठे कुठे माती चक्क निळी दिसते. गॅस शुद्ध करताना निघालेलं सायनाइड लोखंडाशी जुळलं की तो रंग येतो.

खरी डोकेदुखी डांबराची. ते पाण्यापेक्षा जड, त्यामुळे भूजलातही खाली जात चिकणमातीच्या थरावर साचतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. नुसतं पाणी उपसून भागत नाही. वरची खराब माती उचलणं, विहिरींतून डांबर खेचणं, उरलेलं सिमेंट मिसळून जागीच बांधून टाकणं, असं सगळं जोडीने करावं लागतं. डांबरासोबत येणारं बेंझीन हे रसायन मात्र हलकं. जमिनीत हवा सोडली की उडतं, जिवाणूही ते खातात.

अमेरिकेतल्या सिएटलचं गॅस वर्क्स पार्क बघा. १९०६ ते १९५६ तिथे गॅस बनला, १९७५ मध्ये बाग उघडली. रचनाकार रिचर्ड हाग यांनी मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून जिवाणूंना कामाला लावलं. त्या काळात हे मोठं धाडस होतं, मला त्याचं फार कौतुक वाटतं. तरीही १९८४ मध्ये तपासणीसाठी बाग काही काळ बंद ठेवावी लागली. पुढे भूजलात हवा सोडण्याची यंत्रणा आली, वर स्वच्छ मातीचा थर आला. शेजारच्या तळ्याच्या तळाशी डांबर मिसळलेला गाळ साचला, तो प्रश्न त्यानंतरही कित्येक वर्षं रेंगाळला.