तेलाच्या वर वायू, तेलाच्या खाली पाणी: फर्नेस ऑइलबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात इंधनांवरचे प्रश्न मागवले, तर निम्म्याहून अधिक पत्रं फर्नेस ऑइलची, म्हणजे भट्ट्या आणि बॉयलरमध्ये जाळायच्या जड तेलाचीच आली. बहुतेकांना काळजी आहे ती तेल पेट घेईल का याची. काळजी योग्य आहे, पण थोडी चुकीच्या जागी आहे. या काळ्या, दाट तेलात जळती काडी टाकली तर बहुधा ती विझेल. माणसं जातात ती टाकीत तेलाच्या वर साठलेल्या वायूमुळे, नाहीतर तेलाच्या खाली साचलेल्या पाण्यामुळे. म्हणून उत्तरंही त्याच दोन ठिकाणांभोवती फिरतील.

प्रश्न: आमच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट ६६ अंश सांगतात आणि प्रीहीटरचं सेटिंग ११० आहे. हे चालतं कसं? (शिफ्ट इन्चार्ज, रि-रोलिंग मिल, जालना)

फ्लॅश पॉइंट म्हणजे तेलाच्या पृष्ठभागावर ठिणगीने क्षणभर पेटेल इतकी वाफ ज्या तापमानाला जमते ते तापमान. ती वाफ पेटायला हवा लागते. प्रीहीटर (बर्नरला जाण्याआधी तेल तापवणारं यंत्र) आणि बर्नरपर्यंतची लाइन तेलाने पूर्ण भरलेली आणि दाबाखाली असते, आत हवा नसते. त्यामुळे तिथे ११० अंश चालतं, किंबहुना लागतंच. आपल्याकडे सर्रास मिळणारं एमव्ही-२ दर्जाचं तेल ५० अंशाला १२५ ते १८० सेंटिस्टोक इतकं दाट असतं. बर्नरच्या नोझलमधून त्याचे बारीक तुषार निघायला ते १५ ते २० सेंटिस्टोकपर्यंत पातळ व्हावं लागतं, आणि त्यासाठी साधारण १०० ते ११५ अंश लागतात.

टाकीचं मात्र वेगळं. तिथे तेलावर हवा आहे, व्हेंट (हवा जाण्या-येण्याची नळी) उघडा आहे. टाकीतलं तेल फ्लॅश पॉइंटच्या किमान १० अंश खाली ठेवायचं. ६६ ही मानकातली किमान मर्यादा; तुमच्या टँकरचा आकडा त्याच्या टेस्ट रिपोर्टवर असतो, तो वाचा. आकडा माहीत नसेल तर ६६ धरून चाला, म्हणजे डे टँक (रोजच्या वापराची छोटी टाकी) ५५ च्या आसपास आणि मोठी टाकी ४५-५०. पंप करायला एवढं पुरतं. मोठी टाकी ७०-७५ ला ठेवून ‘तेल छान पळतं’ म्हणणारे ऑपरेटर असतात. तेल पळतं खरं, पण वरच्या मोकळ्या जागेत वाफ जमते आणि हलके घटक उडून जातात.

आणखी एक गोष्ट. फ्लॅश पॉइंट बरोबर असला तरी टाकीच्या वरची जागा सुरक्षित आहे असं धरू नका. गरम करताना आणि ढवळताना तेलातले थोडेसे हलके वायू सुटतात आणि बंद टाकीत ते साठत जातात. टाकीच्या छतावर वेल्डिंग, ग्राइंडिंग करायचं तर आधी गॅस मीटर लावायचा, ‘हे काय पेट्रोल आहे का’ असा विचार करायचा नाही.

लाइनवर धोका आहे तो गळतीचा. ११० अंशाचं तेल २० किलो दाबाने फ्लँजमधून (पाइपच्या बोल्ट केलेल्या जोडातून) फवाऱ्यासारखं उडालं आणि भट्टीच्या तापलेल्या पत्र्यावर पडलं, की त्याला ठिणगीची गरज उरत नाही. बर्नरजवळच्या फ्लँजवर पत्र्याची कव्हरं लावा. तेल प्यालेलं लॅगिंग (पाइपवरचं उष्णतारोधक आवरण) काढून फेका, ते गरम पाइपवर आतल्या आत धुमसत राहतं. आणि बारीक छिद्रातून तेल येतंय का हे हात फिरवून कधीही बघू नका. दाबाचं तेल कातडी भेदून आत शिरतं. बाहेरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट कुजायला लागतं. असं झालं तर मलमपट्टी करत बसायचं नाही, थेट सर्जनकडे न्यायचं.

प्रश्न: पावसाळ्यात आमची डे टँक अचानक फेसाळली आणि व्हेंटमधून तेल बाहेर आलं. लेव्हल तर ७० टक्केच होती आणि थर्मोस्टॅट ५५ वर. (मेंटेनन्स फिटर, फाउंड्री, शिरोली एमआयडीसी)

तुमच्या टाकीच्या तळाशी पाणी होतं, आणि तेल शंभर अंशांजवळ गेलं होतं. दुसरं कारण संभवत नाही.

पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा घेते. पातळ द्रवात वाफेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. फर्नेस ऑइल इतकं चिकट की बुडबुडा फुटत नाही, तेलच त्याला पोटात घेऊन फुगतं. उतू जाणारं दूध डोळ्यांसमोर आणा, फक्त इथे पातेलं पाच हजार लिटरचं आहे.

पाणी येतं कुठून? पहिलं, टँकरमधूनच. मानकानुसार एक टक्क्यापर्यंत पाणी चालतं, म्हणजे २०,००० लिटरच्या टँकरमध्ये २०० लिटर पाणी असूनही माल ‘पास’. दुसरं, गळकी स्टीम कॉइल (तेल तापवणारी वाफेची नळी). तिसरं, मॅनहोलचं वाळलेलं गॅस्केट आणि वर टोपी नसलेला व्हेंट. शिरोलीच्या पावसात एवढं पुरेसं आहे.

आणि टाकी तापली कशी? थर्मोस्टॅट ५५ वर होता असं तुम्ही लिहिलं आहे. तो खोटं बोलत नसावा. बर्नरकडून परत येणारी रिटर्न लाइन तपासा. भट्टी बंद किंवा लो फायरवर असली की ११० अंशाचं जवळजवळ सगळं तेल फिरून डे टँकमध्ये येतं. टाकीचा हीटर बंद असूनही रात्रभरात तेल नव्वदीच्या पुढे जातं. अशी टाकी अनेक कारखान्यांत आहे आणि तिथल्या लोकांना ते ठाऊक नसतं, कारण तापमापक हीटरजवळ बसवलेला असतो आणि रिटर्न दुसऱ्या टोकाला पडतो.

उपाय असे. रिटर्न टाकीत न सोडता एका छोट्या बंद भांड्यातून प्रीहीटरच्या इनलेटला जोडून घ्या. ते जमेपर्यंत रिटर्नजवळ दुसरा तापमापक आणि भोंगा लावा. हीटर चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट आणि तापमान वाढल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅट वेगवेगळे हवेत. एकच असेल तर तो अडकला की दोन्ही कामं गेली. तेलाची पातळी कॉइलच्या वर किमान अर्धा फूट राहू द्या. उघडी पडलेली विजेची कॉइल टाकीतली तेलाची वाफ पेटवू शकते.

पाणी काढण्याची रीत: टँकर रिकामा केल्यावर तेल उबदार ठेवून चोवीस तास शांत राहू द्या. तेलाची घनता ०.९६ च्या घरात, पाण्याची १. फरक इतका कमी की थंड, दाट तेलातून पाणी खाली उतरतच नाही. मग डिप रॉडच्या (पातळी मोजायच्या कांबीच्या) टोकाला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावून तळापर्यंत सोडा. जिथवर पाणी तिथवर पेस्टचा रंग बदलतो. ड्रेनला एकामागोमाग दोन व्हॉल्व्ह हवेत. टाकीकडचा पूर्ण उघडायचा, बाहेरचा थोडासा. बादलीत काळं यायला लागलं की बाहेरचा आधी बंद. गाळाचा खडा अडकून एक व्हॉल्व्ह बसला नाही तरी दुसरा हाताशी असतो. चहाला जाऊन येईपर्यंत ड्रेन उघडा ठेवणाऱ्याला या कामावर ठेवू नका.

स्टीम कॉइल गळकी आहे का हे कंडेन्सेटवरून (कॉइलमधल्या वाफेचं जे पाणी होतं त्यावरून) कळतं. कंडेन्सेटवर तेलाचा तवंग दिसला तर ते बॉयलरच्या फीड टँकला जाऊ देऊ नका, नाहीतर दुखणं टाकीतून बॉयलरच्या ट्यूबमध्ये जाईल.

टाकी भरतानाही जागा सोडा. हे तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्का फुगतं. ३० अंशाला भरलेले ५,००० लिटर ८० अंशाला पोचले की सुमारे १७५ लिटर जास्त झालेले असतात.

पाणी आणि आग एकत्र आले की काय होतं याचं उदाहरण व्हेनेझुएलातल्या टाकोआ वीज केंद्राचं. १९ डिसेंबर १९८२ ला पहाटे कामगार टाकीतलं तेल मोजायला चढले असताना स्फोट होऊन टाकी पेटली. तेल फ्लॅश पॉइंटच्या वर तापवलेलं होतं. आग टाकीपुरतीच आहे असं वाटून लोक जवळ थांबले. सुमारे सहा तासांनी उष्णता तळाच्या पाण्यापर्यंत उतरली आणि जळतं तेल उसळून डोंगर उतारावर पडलं. दीडशेहून अधिक माणसं गेली, त्यांत अग्निशामक होते आणि पत्रकारही. तेव्हा पेटलेल्या टाकीपासून लांब राहायचं, ती ‘शांत’ जळत असली तरी. आत पाण्याचा जोरदार झोत मारायचा नाही. फोम वापरायचा आणि पाणी शेजारच्या टाक्या बाहेरून थंड ठेवायला.

प्रश्न: मॅनहोल उघडलं की सडक्या अंड्यांचा वास येतो, पण थोड्या वेळाने जातो. वास गेला म्हणजे वायू गेला ना? (बॉयलर अटेंडंट, प्रोसेस हाउस, इचलकरंजी)

नाही. नाक गेलं.

हा हायड्रोजन सल्फाइड (एच-टू-एस). तेलातल्या गंधकातून येतो आणि टाकीच्या मोकळ्या जागेत साठतो. गंमत अशी की अगदी कमी प्रमाणात तो नाकाला लगेच कळतो आणि जास्त झाला की कळेनासा होतो. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं. ५०० ते ७०० ला माणूस काही मिनिटांत कोसळतो. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा १० पीपीएम धरलेली आहे. वायू हवेपेक्षा जड, म्हणून पंपाच्या खड्ड्यात आणि टाकीभोवतीच्या बांधाच्या आतल्या कोपऱ्यात बसून राहतो.

डिप घेताना (रॉडने पातळी मोजताना) मॅनहोलवर वाकू नका. वारा एका बाजूने अंगावरून जाईल असं उभं राहा. वाऱ्याकडे पाठ केली तर तुमच्या शरीरामागे भोवरा होतो आणि वायू तोंडासमोरच घुटमळतो. झाकण उघडून दोन-तीन मिनिटं बाजूला थांबा, मग रॉड सोडा. टँकर रिकामा होत असताना डिप घ्यायचीच नाही, भरून झाल्यावर अर्धा तास थांबायचं. खिशाला अडकवायचा एच-टू-एस मीटर ऑपरेटरच्या छातीवर हवा, ऑफिसच्या कपाटात नाही. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क या वायूला अडवत नाही.

प्रश्न: टाकीतला गाळ काढायला एक ठेकेदार दोन माणसं पाठवतो म्हणाला. ‘मॅनहोल रात्रभर उघडं ठेवा, सकाळी उतरतील.’ एवढं पुरेल? (सुरक्षा अधिकारी, बुटीबोरी)

मॅडम, त्याला परत पाठवा. रात्रभर उघडं ठेवून वरचा थर बदलतो. गाळात अडकलेला वायू तिथेच असतो आणि फावडं पडलं की सुटतो. म्हणून सकाळी आठला मीटर ठीक दाखवतो आणि साडेआठला माणूस पडतो.

आधी प्रत्येक पाइप तोडून ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी भरीव चकती) मारा; नुसता व्हॉल्व्ह बंद करणं चालणार नाही. स्टीम आणि हीटरच्या विजेला कुलूप. हवा आत ढकलणारा ब्लोअर काम संपेपर्यंत चालू. चार वायूंच्या मीटरने वर, मध्ये आणि तळाशी मोजा: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या (हवेत पेटायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली. हे आकडे दर अर्ध्या तासाने पुन्हा. हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको आणि तोही फ्लेमप्रूफ. गाळ आणि गंजाची पापुद्री ओली ठेवा, कारण त्यातलं लोहाचं सल्फाइड वाळल्यावर हवेत आपोआप पेटू शकतं.

मॅनहोलवर एक माणूस कायम, दोरी हातात. आतला पडला तर त्याने आत उडी मारायची नाही. बंद टाक्यांच्या अपघातांत दुसरा आणि तिसरा मृत्यू बहुधा वाचवायला गेलेल्याचा असतो. ट्रायपॉड आणि विंच (तिपाई आणि दोर ओढणारं यंत्र) आधीपासून लावलेलं असेल तरच दोरीचा उपयोग. बेशुद्ध माणसाला नुसत्या हातांनी अरुंद मॅनहोलमधून ओढता येत नाही.

गाळ घातक कचऱ्यात मोडतो. ९० दिवसांच्या आत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या केंद्राकडे द्यायचा. तुमच्याकडे तर बुटीबोरीतच असं केंद्र आहे. ‘वीटभट्टीवाला घेऊन जातो’ हे उत्तर तपासणीत टिकत नाही.

प्रश्न: थंडीत तेल घट्ट होतं, तर रॉकेल किंवा गॅरेजचं जुनं ऑइल मिसळावं का? (सायझिंग कारखानदार, भिवंडी)

नको. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट पस्तीस अंशांच्या पुढे सुरू होतो. थोडं मिसळलं तरी मिश्रणाचा खाली घसरतो आणि तुमचं ५५ अंशाचं सेटिंग धोक्याचं ठरतं. शिवाय पातळ तेल मिसळल्यावर अस्फाल्टीन (तेलातला डांबरी घटक) वेगळं होऊन तळाशी डांबर बसतं आणि तुमचे स्ट्रेनर तासातासाला तुंबतात. जुन्या ऑइलमध्ये कधी पेट्रोल, कधी थिनर आलेलं असतं, ते वेगळंच. लाइनला ट्रेसिंग (पाइपलगत तापवणारी तार किंवा वाफेची नळी) आणि लॅगिंग करा. ट्रेसिंग चालू असताना दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये तेल अडकवू नका, ते फुगून गॅस्केट फोडतं. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह द्या.

यात कायद्याची एक गोम आहे. फर्नेस ऑइल ‘सी’ वर्गातलं पेट्रोलियम, आणि त्याचा ४५,००० लिटरपर्यंतचा साठा पेसोच्या (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेच्या) परवान्याशिवाय करता येतो. रॉकेल मिसळून फ्लॅश पॉइंट ६५ च्या खाली गेला की तेच तेल ‘बी’ वर्गात जातं आणि तिथे मर्यादा फक्त २,५०० लिटर.

प्रश्न: अंगावर गरम तेल उडालं तर काय करावं?

वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ नको. कातडीला चिकटलेलं तेल ओढून काढू नका, ते डॉक्टर काढतील. थंड तेल लागलं असेल तर खोबरेल किंवा गोडेतेल चोळून पुसा, मग साबण. रॉकेलने हात धुऊ नका: त्याने कातडीचं तेल निघून जातं आणि पुढच्या वेळी फर्नेस ऑइल आत जास्त शिरतं. या तेलाच्या दीर्घ संपर्काने कर्करोगाचा धोका आहे, म्हणून तेलकट चिंधी पँटच्या खिशात ठेवण्याची सवय आजच मोडा.

प्रश्न: टाकीच्या बांधात पावसाचं पाणी तुंबतं, म्हणून ड्रेन व्हॉल्व्ह उघडाच ठेवतो. हरकत? (स्टोअर कीपर, तारापूर)

हरकत मोठी आहे. बांधात सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के तेल मावायला हवं, आणि उघड्या व्हॉल्व्हचा बांध म्हणजे तळ नसलेली बादली. व्हॉल्व्ह बांधाच्या बाहेर, बंद आणि कुलूप लावलेला. पाऊस थांबल्यावर पाणी बघा. तवंग नसेल तर कोणीतरी समोर उभं राहून सोडा. तवंग असेल तर आधी ऑइल ट्रॅपमधून. सांडलेल्या तेलावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून फावड्याने उचला, पाण्याने धुऊन गटारात ढकलू नका. भिजलेला भुसाही घातक कचऱ्याच्याच पिंपात.