आधी मजकूर, मग मांडणी

वाचकांचे प्रश्न

डिजिटल एजन्सीत काम करणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : कोल्हापूरला उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन मी गेली दीड वर्षे पुण्यातील एका डिजिटल एजन्सीत काम करते. एकेका पोस्टमध्ये सात-आठ वेळा बदल सांगितले जातात आणि पुष्कळदा शेवटी पहिलेच डिझाइन मंजूर होते. क्लायंटला नेमके काय हवे आहे, हे आमच्या सर्व्हिसिंगच्या, म्हणजे क्लायंटशी बोलणी करणाऱ्या मंडळींनाही ठाऊक नसते. माझेच काम कमी पडते आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पहिलेच डिझाइन मंजूर होत असेल, तर तुमचा हात कमी पडत नाही. आठव्या बदलाचे मूळ बहुधा पहिल्या दिवशीच्या ब्रीफमध्ये, म्हणजे काय हवे ते सांगणाऱ्या टिपणात असते. मी नोकरीत असताना तीन महिने एक वही ठेवली होती आणि प्रत्येक बदलासमोर तो कोणी सांगितला व का सांगितला, हे लिहीत गेलो. वही चाळल्यावर लक्षात आले, की निम्म्याहून अधिक बदल अंतिम मंजुरी देणाऱ्या व्यक्तीने काम पहिल्यांदाच चौथ्या-पाचव्या फेरीत पाहिल्यामुळे झाले होते. तोपर्यंत आम्ही ज्यांचे ऐकत होतो, त्यांना मंजुरीचा अधिकारच नव्हता. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी अर्ध्या पानाचे टिपण स्वतः लिहा आणि सर्व्हिसिंगकडून त्यावर होकार घ्या. हे कोण पाहणार, कुठे पाहणार, पाहून त्याने काय करावे अशी अपेक्षा आहे आणि शेवटचा शब्द कोणाचा, एवढेच त्यात असू द्या. या चार ओळींपैकी शेवटची ओळ मिळवणे सर्वांत अवघड जाते, आणि तीच तुमच्या संध्याकाळी वाचवते.

दुसरे म्हणजे, क्लायंट बहुधा अडचण न सांगता थेट उपाय सांगतो. ‘लोगो मोठा करा’ या सूचनेमागे ‘ही जाहिरात आमची आहे हे कळत नाही’ अशी तक्रार असू शकते आणि तिचे उत्तर लोगोची जागा बदलण्यात किंवा भोवतालची गर्दी कमी करण्यात असू शकते. तेव्हा सूचना मिळताच फाइल उघडू नका. आधी काय खटकले ते विचारा. आपली बाजू मांडतानाही ‘मला हे बरे वाटते’ असे म्हणण्याऐवजी मोजता येईल असे कारण द्या. फिकट पार्श्वभूमीवर करड्या अक्षरांचा आग्रह होत असेल, तर वेबवरील सुगम्यतेच्या सर्वमान्य निकषांत साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी असणारा प्रकाशभेद (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांचा किमान ३:१ असावा असे सांगितले आहे, हे दाखवून द्या. आवडीनिवडीवर तासभर चालणारी चर्चा आकड्यापाशी लवकर थांबते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्याकडे इंग्रजी डिझाइन आधी मंजूर होते. मराठी मजकूर दुपारी चार वाजता येतो आणि सहा वाजता पोस्ट जायची असते. मराठी चौकटीत बसत नाही, मात्रा एकमेकींवर चढतात आणि मग क्लायंट म्हणतो, की मराठीत डिझाइन देखणे होतच नाही. आपल्या लिपीतच काही अडचण आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हे पत्र वाचून मला मनापासून वाईट वाटले, कारण हेच वाक्य मी वीस वर्षांपूर्वीही ऐकले होते. अडचण लिपीत नाही. ती कामाच्या क्रमात आहे. इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेल्या चौकटीत मराठी कोंबले, तर ते कोंबलेलेच दिसणार.

आपली अक्षरे शिरोरेखेपासून खाली लोंबतात. रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात. खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीत ‘कृपया’ आणि नेमके त्याखाली ‘सर्वांनी’ आले, की ऋकार आणि रफार एकमेकांना भिडतात. इंग्रजी मथळ्याला अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ओळअंतर पुरते. मराठीसाठी मी १.५ पटीपासून सुरुवात करतो आणि मग डोळ्यांना पटेल तेवढे कमी करतो. अक्षरांमधील अंतर मात्र वाढवू नये. इंग्रजी मोठ्या लिपीतील (कॅपिटल अक्षरांतील) शीर्षके मोकळी करण्याची जी सवय आपल्याला शिकवली जाते, ती इथे शिरोरेखा तोडते आणि शब्द सुट्या मण्यांसारखा विखुरतो. इंग्रजीतल्या मोठ्या लिपीला आपल्याकडे जोड नाही. तेव्हा ठसा उमटवायचा तो अक्षरांच्या जाडीने, आकाराने आणि रंगाने. बटणावर चार इंग्रजी अक्षरांच्या जागी ‘नोंदणी करा’ येणार असेल, तर बटण त्याच मापाने आखावे.

फाँट निवडतानाही घाई होते. हिंदीसाठी घडवलेल्या अनेक फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. काही फाँटमध्ये मराठी वळणाची, म्हणजे पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ अशी रूपे आत दडलेली असतात. परंतु वेबपानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद नसेल, तर ती उमटत नाहीत. ही नोंद करायला डेव्हलपरला एक मिनिट पुरते. कोणताही नवा फाँट हाती आला, की ‘कुऱ्हाडीच्या’, ‘राष्ट्राध्यक्ष’, ‘शृंगार’, ‘वेळापत्रक’ असे शब्द लिहून पाहा. ‘ऱ्ह’ नीट जुळला नाही, तर तो फाँट मराठी कामासाठी बाजूला ठेवा. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये वेलांटी चुकीच्या अक्षरापाशी जाऊन बसत असेल, तर परिच्छेदाची जुळणी भारतीय लिपी नीट जुळवणाऱ्या ‘वर्ल्ड-रेडी’ पर्यायावर आहे ना, ते तपासा. छापखान्याकडून आलेला मजकूर चिकटवताच निरर्थक चिन्हे दिसू लागली, तर तो युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला आहे. तो हाताने दुरुस्त करत न बसता युनिकोडमध्येच मागवा.

चांगल्या अक्षरांची आज वाण नाही. मुंबईच्या एक टाइप या गटाने घडवलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहेत. विंडोजबरोबर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवण्यापूर्वी त्यांनी जाहिरात एजन्सीत कलादिग्दर्शक म्हणून काम केले होते. एजन्सीच्या धबडग्यात राहून लिपीचा विचार करता येत नाही, असे कोणी म्हणाले की मला त्यांची आठवण होते.

उपाय कोणता, तर क्रम उलटा करा. पुढच्या कामात मराठी मजकूर पहिल्याच दिवशी मागा. तो अंतिम नसला तरी चालेल, खरा असावा. दोन्ही भाषांत जिथे अधिक जागा लागते, ती ओळ धरून चौकट आखा. शक्य झाल्यास एकाच कामाच्या दोन प्रती शेजारी ठेवून क्लायंटला दाखवा: एक इंग्रजीवर मराठी चिकटवलेली आणि दुसरी मराठीतून उभी केलेली. हे मी अनेकदा केले आहे आणि क्लायंट दुसऱ्या प्रतीकडेच बोट दाखवतो.

प्रश्न : तीन वर्षांनंतर नोकरी सोडत आहे. एजन्सीत केलेले काम मला पोर्टफोलिओत दाखवता येईल का? मी स्वतंत्रपणे काम घेऊ लागल्यावर हाच नियम लागू होतो का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा प्रथम मालक नियोक्ता असतो. कलम ५७ नुसार आपण त्या कृतीचे कर्ते आहोत असे सांगण्याचा हक्क मात्र हस्तांतरानंतरही कर्त्याकडे राहतो. तथापि, एवढ्यावरून ते काम हवे तिथे प्रसिद्ध करण्याची मुभा मिळत नाही. म्हणून नियुक्तिपत्रातील गोपनीयतेचे कलम आधी वाचा आणि शेवटच्या दिवसापूर्वी ईमेलवर लेखी परवानगी घ्या. जे काम लोकांसमोर आलेले आहे, त्याला परवानगी सहसा मिळते. न जिंकलेल्या पिचचे, म्हणजे काम मिळवण्यासाठी केलेल्या सादरीकरणाचे, आणि प्रसिद्ध न झालेले काम परवानगीवाचून दाखवू नका. प्रत्येक कामाखाली मांडणी कोणाची, छायाचित्र कोणाचे, मजकूर कोणाचा हे स्पष्ट लिहा.

स्वतंत्र कामात हक्क तुमच्याकडे राहतात की क्लायंटकडे जातात, हे प्रामुख्याने करारावर ठरते. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीनिशी व्हावे लागते. कलम १९ नुसार, त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते समजले जाते. तेव्हा पहिल्याच कोटेशनमध्ये मुदत, क्षेत्र आणि पोर्टफोलिओत काम दाखवण्याची मुभा या तीन ओळी घाला. आगाऊ रक्कम येण्यापूर्वी त्या मान्य करून घेणे सोपे जाते.