लोकलच्या फेऱ्या वाढवल्या तर रस्त्यांवरची कोंडी कमी होते का?

उड्डाणपुलांवर पैसा घालण्यापेक्षा आहे त्याच रुळांवर लोकलच्या फेऱ्या वाढवल्या, तर लोक गाड्या घरी ठेवतील का, असं तुम्ही विचारलंय. ठेवतील. पण सगळे जण सकाळच्या गर्दीच्या वेळेतल्या फेऱ्या मागतात आणि माझ्या मते खरी मेख दुसरीकडेच आहे.

मी सहा वर्षं रोज स्वतःच्या गाडीने कामावर जात होते. स्टेशन घरापासून चालत दहा मिनिटांवर, सकाळी दर आठ मिनिटांनी लोकल. जायची काहीच अडचण नव्हती. अडचण परतीची होती. रात्री साडेआठनंतर तासाला एकच लोकल. मला उशीर व्हायचा महिन्यातून चार-पाच दिवस, पण तो नेमका कुठल्या दिवशी होणार हे सकाळी घरातून निघताना कसं कळणार? एकदा जिना उतरता उतरता समोरून लोकल सुटली. पुढची पंचावन्न मिनिटं मी फलाटाच्या एकुलत्या उजेडातल्या बाकावर पर्स पोटाशी धरून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून गाडी काढायला लागले ती काढलीच. पुढे वेळापत्रक बदललं, रात्री अकरापर्यंत दर वीस मिनिटांनी लोकल धावू लागली आणि महिन्याभरात माझं गाडी नेणं बंद झालं. सकाळच्या कोंडीतली एक गाडी कमी झाली ती रात्रीच्या फेऱ्यांमुळे. सकाळी एकही फेरी वाढली नव्हती.

शिवाय दुपारच्या आणि रात्रीच्या फेऱ्या तुलनेने स्वस्त पडतात. समजा, एका रेकला, म्हणजे डब्यांच्या एका अख्ख्या गाडीला, जाऊन-येऊन, दोन्ही टोकांचा थांबा धरून १२० मिनिटं लागतात. दर २० मिनिटांनी गाडी सोडायची तर ६ रेक लागतात, दर १० मिनिटांनी सोडायची तर १२. गर्दीच्या वेळेसाठी हे १२ रेक आधीच घेतलेले असतात आणि दुपारी त्यातले निम्मे यार्डात उभे असतात. त्यांना बाहेर काढायला मोटरमन, गार्ड, वीज आणि देखभाल यांचा खर्च येतो, पण नवे रूळ टाकावे लागत नाहीत.

फेऱ्यांमधलं अंतर सारखं असणंही तितकंच महत्त्वाचं. अर्ध्या तासात दोन गाड्या आहेत आणि त्या बरोबर १५-१५ मिनिटांनी येतात, तर सहज स्टेशनवर आलेल्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. त्याच दोन गाड्या ५ आणि २५ मिनिटांच्या अंतराने आल्या, तर सरासरी जवळजवळ ११ मिनिटांवर जाते. कागदावर फेऱ्या तेवढ्याच!

गर्दीच्या वेळेत फेऱ्या वाढवणं मात्र खरंच अवघड आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया लाइनवर २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या धावतात, म्हणजे दर १०० सेकंदांना एक. पण त्या मार्गावर ना मालगाडी, ना लांब पल्ल्याची गाडी, ना कुठला फाटा. उपनगरी मार्गांना हे सगळं सांभाळावं लागतं. तुम्ही कधी शेवटच्या स्टेशनवर उभं राहून बघा. लोकल आली की मोटरमन केबिन बंद करून खाली उतरतो आणि अडीचशे मीटर फलाट तुडवत, उतरलेल्या गर्दीतून वाट काढत दुसऱ्या टोकाला पोचतो. तोवर फलाट अडलेला, मागची गाडी सिग्नलला. यावर उपाय असा की दुसरा मोटरमन त्या टोकाला आधीच तयार ठेवायचा. त्याने ही गाडी न्यायची आणि उतरलेल्याने पुढची. एवढ्यानेही दोन-तीन मिनिटं वाचतात. म्युनिकमध्ये शहराखालच्या एकाच बोगद्यातून एस-बानच्या, म्हणजे तिथल्या उपनगरी रेल्वेच्या, तासाला ३० गाड्या एका दिशेने जातात. तिथे मुख्य स्थानकावर गाडीच्या दोन्ही बाजूंना फलाट आहेत, एका बाजूने उतरायचं आणि दुसऱ्या बाजूने चढायचं.

आणि फाटकं! फेऱ्या वाढल्या की रस्त्यावरचं फाटक जास्त वेळ बंद राहतं आणि ज्या कोंडीसाठी हा खटाटोप, तीच तिथे वाढते. तासाला दोन्ही दिशांनी मिळून २० गाड्या आणि प्रत्येकीसाठी दोन मिनिटं धरली, तरी ४० मिनिटं रस्ता बंद. दोन गाड्या एकदम गेल्या तर थोडी कमी. मेलबर्नने २०१५ पासून एकेक फाटक काढून तिथे रूळ वर किंवा खाली न्यायचा मोठा कार्यक्रमच हाती घेतला. फेऱ्या मागताना फाटकांचाही विचार करा.

आता रस्ते मोकळे होतील का? २००३ मध्ये लॉस एंजेलिसची सार्वजनिक वाहतूक संपामुळे सुमारे पाच आठवडे बंद होती. त्यावरच्या अर्थतज्ज्ञ मायकल अँडरसन यांच्या २०१४ च्या अभ्यासात महामार्गांवरचा खोळंबा ४७ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि तो जास्त वाढला तो सार्वजनिक वाहतुकीच्या मोठ्या मार्गांना समांतर असलेल्या रस्त्यांवर. त्या शहरात तर फार थोडे लोक बस-रेल्वेने जायचे. उलट ड्युरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा सार्वजनिक वाहतूक वाढवल्याने रस्त्यावरच्या मोटारींची एकूण धाव कमी झाल्याचं आढळलं नाही. माझ्यासारखीने मोकळी केलेली जागा दुसरं कोणीतरी भरतं. मला या दोन्ही गोष्टी पटतात. रस्ता रिकामा दिसणार नाही. पण कोंडीत अडकायचं नसेल त्याला दुसरी वाट मिळते आणि तेवढ्याच रुंदीत कितीतरी जास्त माणसं जातात. रस्त्याच्या एका मार्गिकेवरून तासाला साधारण २,००० मोटारी जातात, बहुतेकींत एकटा माणूस. हजार प्रवाशांच्या तीन लोकलमध्ये ही सगळी माणसं मावतात.

तुम्ही रेल्वेला पत्र लिहिणार असाल तर आधी वेळापत्रक घेऊन बसा. सकाळी अकरा ते चार आणि रात्री आठनंतर, या दोन पट्ट्यांत दोन गाड्यांमधलं सगळ्यात मोठं अंतर कुठे आहे ते शोधा. पत्रात पहिली मागणी तिथल्या फेरीची करा.