म्हशीच्या घशात हात घालण्याआधी

प्रश्न : दाजीपूरच्या जंगलाला लागून आमची वस्ती आहे. २० दिवसांमागं भरदिवसा उसातनं एक कोल्हं आलं आणि दावणीच्या म्हशीच्या नाकाडाला चावून गेलं. हळद-तेल लावलं, जखम भरली. परवापासून म्हैस पाणी पीत नाही, लाळ गळते, घोगऱ्या आवाजात सारखी रेकते. घशात काही अडकलंय म्हणून हात घालून बघितलं, काही सापडलं नाही. कालपर्यंत दूध घरात वापरलं. औषध काय द्यावं?

उत्तर : म्हशीची लक्षणं रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची दिसतात; तिचं नंतर बोलू. ज्यांनी तिच्या तोंडात हात घातला, त्यांनी हे वाचून होताच हात साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावेत आणि दवाखाना गाठावा. उद्यावर ढकलू नका. कष्टकऱ्याच्या हाताला चिरा, ओरखडे असतातच आणि रेबीजचा विषाणू लाळेतून तिथूनच शिरतो. अशा वेळी लशीबरोबर सिरमही, म्हणजे विषाणूला लगेच रोखणारं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल, तर पहिली लस तिथंच घेऊन कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवायला सांगा. पोटात १४ इंजेक्शनं घ्यायचा काळ कधीच गेला. आता लस दंडात देतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. मात्र सगळे डोस ठरल्या तारखांना पुरे करा. लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचवणारं औषध नाही, म्हणून एवढी घाई करतोय.

'घशात अडकलंय' हा समज फार घातकी आहे. रेबीजमध्ये घशाचे स्नायू लुळे पडतात, जनावराला गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते. बघणाऱ्याला मात्र काहीतरी अडकल्यासारखंच वाटतं. पाणी पिणं सोडलेलं, लाळ गाळणारं जनावर असेल, तर त्याच्या तोंडाला हातच लावायचा नाही.

म्हैस वाचेल असं सांगून तुमची समजूत काढणार नाही. तिला वेगळी, पक्क्या दाव्यानं बांधा, पोरांना गोठ्याकडं फिरकू देऊ नका आणि १९६२ वर फोन करून पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. मेल्यावर कातडं सोलायचं नाही, ओढ्याकाठी टाकायचं नाही. कुत्री आणि कोल्ही तिथंच येतात. डॉक्टरांना नमुना घ्यायचा असेल तर तो झाल्यावर चुना टाकून खोल पुरा. त्या दिवशी ते कोल्हं आणखी कुठल्या जनावराला चावलं असेल, तर त्या जनावराची लस आजच सुरू करा. ती ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. तुमच्या म्हशीला चावल्या दिवशीच ती मिळायला हवी होती. नाकाडावरचा चावा मेंदूच्या जवळचा, म्हणून रोग लवकर उमटला.

दुधाचं म्हणाल तर उकळून घेतलं असेल तर घाबरू नका, उष्णतेनं विषाणू मरतो. कुणी धारोष्ण प्यायलं असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आता मात्र दूध काढूच नका.

दुसऱ्या एका वाडीतून विचारलंय : 'कुत्रं चावल्यावर १० दिवस लक्ष ठेवतात, तसं कोल्ह्याचं चालेल का?' नाही. ते १० दिवस पाळीव कुत्र्या-मांजरासाठी, आणि तेव्हाही माणसाची लस पहिल्या दिवशीच सुरू होते. रानातला प्राणी चावला की वाट बघायची नाही. माणसाला न बुजता दिवसाढवळ्या गावात शिरणारं कोल्हं पिसाळलेलं आहे असंच धरा. काठी घेऊन मागं लागू नका, वनखात्याला १९२६ वर कळवा.

गुरांमागं जंगलात जाणारी आपली कुत्री हा या सगळ्यातला दुवा आहे. कोल्ह्याशी झटापट तीच करतात आणि रात्री आपल्याच ओसरीवर झोपतात. ३ महिन्यांच्या पिल्लाला पहिली लस, मग वर्षाला एक. गावातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते. ऊसतोडीला फडात माणसं उतरायच्या आत ग्रामपंचायतीनं शिबिर मागून घ्यावं. धनगरवाड्यावरची कुत्री दिवसा गुरांबरोबर रानात असतात, तेव्हा डॉक्टरांना संध्याकाळची वेळ द्या.