चांदमारीलगतचं वावर आणि दारूगोळ्याच्या शिवारातली विहीर

प्रश्न : आमच्या वावराला लागून जुनी चांदमारी (बंदुकीच्या सरावाची जागा) आहे. गोळीबार कधीचाच बंद झाला. धुऱ्याकडचा खोलगट भाग भरायला तिथल्या टेकाडाची चार ट्रॉल्या माती आणून पसरली. आता वखर चालवला की गोळ्यांचे तुकडे निघतात. माती परीक्षणाचा अहवाल मात्र चांगला आहे. त्या पट्ट्यात पालक, सांबार (कोथिंबीर) लावावा का? (शेतकरी, वर्धा जिल्हा)

उत्तर : सध्या लावू नका. अहवाल खोटा नाही, पण त्यात शिसं तपासलेलंच नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं येतात. तिथं यादी संपते. रायफलच्या गोळीचा गाभा बहुधा शिशाचा असतो, कडकपणासाठी त्यात थोडं अँटिमनी (हाही विषारी धातू), वरून तांब्या-जस्ताचं आवरण. गोळ्या शेवटी निशाणामागच्या टेकाडातच घुसतात. म्हणजे अख्ख्या चांदमारीतली सर्वांत वाईट माती ती, आणि नेमकी तीच वावरात आली.

दिलासा एवढाच की आपली काळी माती चुनखडीची, सामू आठच्या आसपास. अशा मातीत शिसं फारसं विरघळत नाही, वरच्या थरातच अडकून राहतं. ते पोटात जातं धुळीतून, लेकरांच्या हातांतून आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पानाला चिकटलेल्या चिखलातून. म्हणून पालेभाजी, हळद, कांदा नको; पऱ्हाटी चालेल. वासरं तिथं चरायला सोडू नका, त्यांना शिशाची विषबाधा लवकर होते.

आता नमुना. नेहमीसारखे आठ-दहा खड्डे पुरत नाहीत, कारण शिसं मातीत सारखं मिसळलेलं नसतं. प्रयोगशाळा शेवटी ग्रॅमभर माती घेते. त्यात एक कण आला तर आकडा हजारांत जातो, नाही आला तर पन्नासावर येतो. माती पसरलेल्या पट्ट्यातून किमान ३० ठिकाणची थोडी थोडी माती घ्या. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर वेगळे ठेवा. तुलनेसाठी लांबच्या, न भरलेल्या जागेचा तिसरा नमुना घ्या. २ मिलिमीटरवरचे तुकडे चाळून बाजूला काढा, पण फेकू नका, वजन करा. अर्जात ‘आम्लात विरघळवून एकूण शिसं, अँटिमनी, तांबं’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘शिसं’ लिहिलंत तर डीटीपीए पद्धतीनं पिकाला उपलब्ध होणारा अंश तेवढा मोजून देतील आणि आकडा फसवा छोटा दिसेल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं घराभोवतीच्या मातीसाठी तपासणीची पातळी २०२४ मध्ये किलोमागे ४०० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली. अंदाजाला तो आकडा धरा.

शिसं जास्त निघालं तर आधी चाळणी. वापसा असताना ५ मिलिमीटरच्या जाळीतून माती काढा; ओली माती जाळीत अडते, कोरडी धूळ होऊन नाकात जाते. नाकावर मास्क हवाच. निघालेलं शिसं घरी वितळवू नका, वाफ विषारी असते. ‘सुपर फॉस्फेट टाका, शिसं बांधलं जातं’ हा सल्ला तुम्हाला मिळेल. तो खरा आहे, पण हिशेब करून पाहा. किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसं असेल तर एकराच्या १५ सेंटिमीटर थरात, म्हणजे सुमारे ८०० टन मातीत, ४०० किलो शिसं आलं. अभ्यासांत नेहमी वापरतात त्या, शिशाच्या एका अणूमागे स्फुरदाचे चार अणू, या प्रमाणानं २४० किलो शुद्ध स्फुरद (P, बॅगेवर लिहितात ते P₂O₅ नव्हे) लागेल. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या ६८-६९ बॅगा! शिवाय स्फुरदानं अँटिमनी उलट सुटं होऊन पाण्याबरोबर वाहतं. नाल्याकाठी तर हा प्रयोग नकोच. मूळ चार ट्रॉल्यांचा थर खरवडून परत टेकाडाशी नेणं, वर ताडपत्री आणि स्वच्छ माती टाकणं स्वस्त पडतं; आधी त्या जागेच्या मालक खात्याला लेखी कळवा. सूर्यफूल लावून शिसं शोषून घेण्याची कल्पना ऐकायला गोड आहे, पण त्यात पिढी जाईल.

प्रश्न : जुना दारूगोळा नष्ट करायची जागा गावाच्या वरच्या अंगाला होती. ग्रामपंचायतीच्या किटमध्ये विहिरीचं पाणी चांगलं दाखवतं, पण उन्हाळ्यात गुलाबी झाक येते. (वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर : किट क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह असलं मोजतं, स्फोटकं नाही. आधी साधी शंका फेडा : कुणी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकलं का? ग्लासभर पाण्यात लिंबू पिळा. परमँगनेटचा रंग काही मिनिटांत उतरतो. शेवाळानंही झाक येते. टीएनटी या स्फोटकाचं पाणी उन्हात लालसर होतं हे खरं, पण रंगावरून निदान करू नका. अधिक काळजी आरडीएक्स या दुसऱ्या स्फोटकाची. ते बिनरंगी असतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि पाण्याबरोबर लांब जातं. खडकाच्या भेगांतून पाणी कुठं फुटेल सांगता येत नाही. शेजारची विहीर स्वच्छ म्हणून आपली स्वच्छ, असं नाही.

नमुना गडद तपकिरी काचेच्या लिटरभर बाटलीत काठोकाठ भरून बर्फात ठेवा. प्रयोगशाळेत सात दिवसांच्या आत त्याचा अर्क काढावा लागतो, म्हणून आधी त्यांची वेळ ठरवा, मगच पाणी भरा. परक्लोरेट (दारूगोळ्यात वापरतात तो क्षार) वेगळं सांगून तपासून घ्या. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर. अमेरिकेची सल्ला-मर्यादा टीएनटी आणि आरडीएक्स दोन्हींसाठी लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. नायट्रेट जास्त निघालं म्हणून उड्या मारू नका, युरियातूनही ते येतं. उकळून काही जात नाही, तुरटीनंही नाही. दाणेदार सक्रिय कोळसा टीएनटी, आरडीएक्स धरतो, पण भरला की गुपचूप सोडू लागतो. बदलायची तारीख गाळणीवर लिहून ठेवा. परक्लोरेटला आरओ लागतो. जुलै २०२५ च्या केंद्रीय दूषित-स्थळ नियमांनुसार संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनानं करायची आहे. ग्रामसभेचा ठराव आणि पाण्याचा अहवाल जोडून जिल्हाधिकाऱ्यांना द्या, प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. अहवाल येईपर्यंत प्यायचं पाणी दुसरीकडून आणा.

प्रश्न : शेतात गंजलेलं नळकांडं निघालं. भंगारवाला पितळेचे पैसे देतो म्हणतो. (वाचक, वर्धा जिल्हा)

उत्तर : हात लावू नका. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना झालेल्या स्फोटात सहा जण गेले. गंजानं फ्यूज निकामी होतो असं नाही, कधी जास्त नाजूक होतो. आलात त्याच वाटेनं मागे फिरा, लांबवर काठीला फडकं बांधून खूण करा, ११२ वर कळवा. बॉम्बशोधक पथक येऊन जाईपर्यंत त्या वावरात नांगर घालू नका, धसकटंही पेटवू नका.